ओलं फडकं

वीस वर्षं चित्रं काढतेय मी. आम्हा चित्रकारांना मातीतून चेहरा घडवायला शिकवणारी कार्यशाळा होती. धाकटी जाऊ नुसती सोबत म्हणून आली, आणि सर दिवसभर तिच्याच टेबलाशी! म्हणे, "हातात जादू आहे हो तुमच्या!" माझा नुसता जळफळाट झाला. मी तिच्या कामाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती मात्र सारखी माझ्याकडे बघत होती, मला खिजवायला.

संध्याकाळी, माती वाळू नये म्हणून, सगळ्यांनी आपापले चेहरे ओल्या फडक्यात गुंडाळले. निघताना मी फडक्यावरूनच तिच्या चेहऱ्याचं नाक अंगठ्याने चेपून टाकलं.

सकाळी तिने फडकं सोडलं आणि रडवेली झाली.


"ताई, अहो, काल अगदी हुबेहूब तुमचं नाक जमलं होतं!"