खुंटी

तिच्या पत्राला सरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. रात्रीची नाचघरं आणि तिथली नशा यांवर तिने प्रबंध लिहिला होता. त्यातलं एक प्रकरण गाळावं आणि त्या जागी ही माणसं या नादाला का लागतात याची कारणं द्यावीत, असं बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं होतं. ‘प्रकरण राहू द्यावं, असं मार्गदर्शक म्हणून तुम्ही विद्यापीठाला दोन ओळींत लिहाल का?’ एवढंच तिने विचारलं होतं. सरांनी कितीतरी मसुदे केले. प्रत्येकात कुठेतरी ‘तथापि’ आलं, की कागद फाडला.

शेवटी ती स्वतःच आली. भर दुपारी, न कळवता.

“काकू, सर आहेत?”

“आहेत की. जातात कुठे? बेल वाजल्यापासून आत चष्मा शोधतायत. चष्मा डोळ्यांवर आहे.”

सर बाहेर आले आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसले.

“सर, सोमवारी मुदत संपते. तुम्ही लिहिलं नाहीत तर मला ते गाळावंच लागेल.”

“मी विचार करतोय. म्हणजे परीक्षकांचंही अगदीच काही...”

“कारणं द्या म्हणतात! मी सगळ्यांना विचारलं, सर. घरी भांडणं आहेत का, नोकरी गेली का. एकजण म्हणाला, ताई, मला नाचायला आवडतं, आता तुमच्यासाठी रडून दाखवू का?”

मटार सोलता सोलता काकू फिस्सकन हसल्या.

“पण गोळ्या घेतात ना ते,” सर हळूच म्हणाले.

“घेतात. काहींचं वाटोळंही झालंय. तेही लिहिलंय मी. त्यावर कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती खुंटीवर.”

“कसली गं खुंटी?” काकूंनी विचारलं.

“प्रत्येक टोळक्यात आळीपाळीने एकजण खुंटी होतो, काकू. त्या रात्री त्याने काही घ्यायचं नाही, प्यायचं नाही. भिंतीशी उभं राहायचं. सगळ्यांचे कोट, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या त्याच्या अंगावर.”

“अगं बाई, म्हणजे हेच की!” काकूंनी सरांकडे शेंग रोखली. “आमच्या कॉलेजात सगळे नाचायचे आणि हे भिंतीला टेकून पोरींच्या पर्सा सांभाळायचे. माझीसुद्धा. परत दिली तर तुटलेला बंद शिवलेला! म्हटलं, बरा दिसतोय मुलगा.”

सरांचे कान लाल झाले. “परीक्षकांचं म्हणणं असं,” ते जमिनीकडे बघत म्हणाले, “की पिशव्या सांभाळायला कोणीतरी आहे म्हटल्यावर वाचणाऱ्याला ते सगळं निर्धोक वाटेल. आणि तसं ते थोडं...”

तिचा धीर सुटला.

“तुम्ही प्रकरण शेवटपर्यंत वाचलंत का, सर? पिशव्या काय, कोणीही सांभाळेल! कोणाचा तोल गेला की खुंटीला त्या खाली टाकून गर्दीत घुसावं लागतं. गाणं बंद करायला लावावं लागतं, अख्खं नाचघर शिव्या घालत असताना. त्यातली ती दातांची डॉक्टर आठवते? त्या रात्री खुंटी तीच होती. तिची मैत्रीण कोसळली. बाकीचे हातापाया पडत होते, दवाखान्यात गोळीचं बोलू नकोस, आपण सगळे अडकू. हिने सांगितलं. काय घेतलं, कधी घेतलं, सगळं. म्हणून ती मुलगी वाचली. ज्याला हे जमत नाही, त्याला पुन्हा कोणी खुंटी करत नाही. मग तो नुसता भिंतीशी उभा राहिलेला माणूस.”

काकूंचे हात थांबले.

“माझ्या पुस्तकाला,” सर पुटपुटले, “या परीक्षकांनीच प्रस्तावना लिहिली होती.”

“माहीत आहे.” ती उठली. “प्रस्तावना छान आहे.”

समोरच्या पाण्याला हातही न लावता ती गेली.

“धन्य आहे तुमची,” काकू म्हणाल्या. “ती पोर त्या धुरात आणि दणदणाटात उभी राहून एवढं लिहिते, आणि तुम्हाला दोन ओळी होईनात. निदान नाही तरी म्हणायचं तिला!” सालांची परात उचलून त्या आत गेल्या.

सर टेबलाशी बसले. प्रकरण काढून शेवटपर्यंत वाचलं. मग लिहिलं: ‘हे प्रकरण आहे तसे राहावे. ते खरे आहे. याची जबाबदारी माझी.’ तीन प्रती केल्या. विद्यापीठाला एक, परीक्षकांना एक, तिला एक. ‘तथापि’ कुठे शिरलंय का, ते दोनदा पाहिलं.

संध्याकाळी टपालपेटीपर्यंत काकूही बरोबर निघाल्या. त्यांचा सरांवर भरवसा नव्हता. वाटेत भाजी घेतली, साबण घेतला. सवयीप्रमाणे भाजीची पिशवी सरांच्या हातात गेली, मग छत्री, मग पर्सही.

पेटीपाशी सर थबकले. खिशातून पाकिटं डोकावत होती. मागे पत्र घेऊन उभी असलेली बाई चुळबुळ करू लागली.

“अहो, टाका ना! की पुन्हा विचार करताय?”

“जरा धर,” सर म्हणाले.

“काय?”

“हे सगळं.” त्यांनी पिशवी, छत्री, पर्स एकेक करून काकूंच्या हातात दिली, आणि मोकळ्या हातांनी पेटीकडे गेले. तिन्ही पाकिटं आत पडल्याचा आवाज आला.

काकू सामान सांभाळत भिंतीशी उभ्या होत्या.