रिकामं फाटक

ज्यांच्या आया तुरुंगात आहेत अशा मुलांसाठी मोसुलमध्ये एक घर होतं. नहला तिथली सांभाळणारी; मुलं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. मुलं दिवसभर फाटकाशी आईची वाट बघत बसायची, हाका मारून घसा सुकला तरी जेवायला उठायची नाहीत. शेवटी नहला मुलांच्या मनाची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या वर्गाला जाऊन आली आणि तिथे मिळालेली, परदेशात छापलेली तीन चित्रांची पट्टी तिने भिंतीवर लावली. आई दारातून बाहेर पडते, मूल रडतं, आई परत येऊन त्याला कुशीत घेते. "तुम्ही मध्ये बोलू नका, पोरांना आपापलं कळू द्या," असं वर्ग घेणाऱ्या रुकय्याबाईंनी बजावलं होतं.

महिन्याने त्याच बाई पाहणीला आल्या.

"फाटकाशी एकही पोर नाही! जादू केलीस गं."

"माझं कसलं? चित्रांनीच केलं सगळं." नहलाने सहा वर्षांच्या तबारकला पुढे ओढलं. "सांग बाईंना, काय आहे चित्रांत?"

तबारक नुकतीच अरबी वाचायला शिकली होती. पुस्तकात ठेवते तसं तिने बोट उजव्या टोकाला ठेवलं आणि डावीकडे सरकवत नेलं.

"आई कुशीत घेते. मग मूल रडतं. मग आई दारातून निघून जाते." तिने नहलाकडे पाहिलं. "मग फाटकाशी कशाला बसायचं, खाला?"