ताकदीचं इंजेक्शन

"दोष हिच्यातच आहे," सासूबाईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं.

सून शेजारी बसून रुमालाने मान पुसत होती. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी तिला घामाच्या धारा. अंडं तयार व्हावं म्हणून दिलेल्या गोळ्यांनी अंगातून वाफा निघायच्या, पोट फुगायचं, आणि रडू तर कशावरूनही. सासूबाईंच्या मते ही सगळी नाटकं.

खुर्चीच्या दोन हातांमध्ये मावत नव्हता म्हणून नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याचीही तपासणी करा म्हटल्यावर घरात केवढा थयथयाट झाला होता. शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरणारा गडी, त्याला काय धाड भरलीय? शेवटी सून हट्टाला पेटली, तेव्हा कुठे तो गेला.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. शुक्रजंतू जवळजवळ नाहीतच. काही औषधं, इंजेक्शनं घेता का, त्यांनी विचारलं. तो छताकडे बघत नाही म्हणाला.

"घेतात की," सून म्हणाली. "दर शनिवारी. मीच टोचते. ह्यांना सुई बघवत नाही."

ताकदीचं व्हिटॅमिन, असं त्याने तिला सांगितलं होतं. कसं टोचायचं ते जिमच्या ट्रेनरने शिकवलं होतं. बाटलीवरचं नाव तिला पाठ होतं. तिने ते सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे व्हिटॅमिन नाही, पुरुषी हार्मोन आहे. बाहेरून आयतं मिळायला लागलं की मेंदू खाली कामाचा निरोपच धाडत नाही. शुक्रजंतू बनणं थांबतं."

इंजेक्शन सोडलं तर बहुतेकांचं काही महिन्यांत पुन्हा सुरू होतं, असंही त्या म्हणाल्या. पण सोडायला हवं.

स्पर्धा तोंडावर आलीय, नंतर बघू, नवरा म्हणाला. आणि चारचौघांत तोंड उघडायची काही गरज होती का, असं बायकोला विचारलं.

सासूबाईंनी घसा खाकरला. "त्याचं तो बघेल. तोवर हिच्या गोळ्या वाढवून द्या."

सून उठली. रुमाल घडी करून तिने पर्समध्ये टाकला.

"उद्या शनिवार आहे, आई. उद्यापासून तुम्ही टोचा. कुल्ल्यावर, वरच्या बाजूला. ओरडले तरी हात हलू द्यायचा नाही."

सासूबाईंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.