एकच डूल

अंबूबाईची लेक प्रेरणा वारली त्याला चार महिने झाले होते. कुरवंड्यातल्या त्यांच्या एका खोलीत, कॉटखाली, तिच्या सुती दोऱ्यांची रिळं होती तशीच पडून होती. लोणावळ्याच्या एक बाई सकाळी प्रेरणानं विणलेला कानातला एक डूल ठेवून गेल्या. जोडीचा हरवला होता, तसाच विणून हवा होता. अंबूबाई नाही म्हणाली नाही.

लेकीचं बघून बघून तीही क्रोशाची सुई चालवायला शिकली होती. दुपारपर्यंत तिनं तीन डूल विणले आणि तिन्ही उसवले. रंग तोच, दोरा तोच; पण प्रेरणाचे टाके एका अंगाला कललेले, अंबूबाईचे दुसऱ्या. मग तिनं सुई डाव्या हातात घेतली. बोटं वळेनात, तरी ती विणत राहिली.

"मावशी, डाव्या हातानं कशाला इणताय?" शेजारच्या नुसरतनं दारातून विचारलं.

अंबूबाईनं मान वर केली नाही.



"आमची पोर डावरी व्हती. उजव्या हातानं जेव म्हणून लय मारलंय मी तिला."