झेंडूवाल्या ताई

"लाज वाटते बघताना. हे जुने सगळे लाइव्ह उडवूनच टाकते," उज्ज्वला शिलाई मशीनवर मोबाइल ठेवत म्हणाली. आता तिच्या ब्लाउज-कटिंगच्या लाइव्हला शेकडो बायका जमायच्या. त्यांनी चुकून मागचं काही पाहिलं तर? तेव्हा मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवलेला असायचा. त्यात तिच्यापेक्षा छताचा पंखाच जास्त दिसायचा.

दारातल्या खुर्चीत तिचे सासरे, अण्णा, पेपर वाचत होते. शिवणकामातलं त्यांना ओ की ठो कळत नसे.

तिनं पहिलाच व्हिडिओ उघडला. "आवाज येतोय का?" थरथरत्या आवाजात ती विचारत होती. बघणारं एकच माणूस होतं, झेंडूच्या फुलाचा फोटो लावलेलं. त्यानं लिहिलं होतं, 'येतोय. छान चाललंय.' पुढच्या प्रत्येक लाइव्हला तेच फूल आणि तेच उत्तर. "थँक्यू हं, ताई," म्हणत ती हुरूपानं पुढचं कापड कापायची. त्या एका ताईंमुळेच तर ती टिकली होती.

तिचं बोट 'डिलीट'वर गेलं.

"तेवढा पहिला राहू दे," अण्णा पेपरामागून पुटपुटले. "जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी ताई म्हटलं त्यात."

उज्ज्वलानं बोट मागे घेतलं. "अण्णा, तुम्ही? अहो, पण तुम्ही तर भिंतीपलीकडेच असायचात!"

"म्हणून तर आवाज येत होता."

तिनं एकही व्हिडिओ उडवला नाही. संध्याकाळच्या लाइव्हला तिनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "आवाज येतोय का, ताई?"

शेकडो बायकांच्या आधी भिंतीपलीकडून अण्णा खणखणीत ओरडले, "येतोय!"