मेलेल्याने बोलायचं नसतं

२०२३ च्या मे महिन्यात सगळे आर्वीला जमले, तेव्हा नात समीक्षाने पत्त्यांचा नवा खेळ आणला. खून कोणी केला ते ओळखायचं. मेलेल्या बाईचा पत्ता सुलोचनाबाईंना आला.

"आजी, तू मेलीस. आता शेवटपर्यंत गप्प बसायचं."

त्या गप्प बसल्या. चहा आला तसा खेळ थांबला आणि मुलगा रुपेश, आई समोर नसल्यासारखा, बायकोला म्हणाला, "भावना, हे घर दिवाळीच्या आत विकून टाकू. गिऱ्हाईक पाह्यलं मी. आईले नागपूरले नेऊ, मागची खोली देऊ तिले."

"कोणाले विचारून?"

"आजी, चीटिंग! मेलेलं माणूस बोलत नाही."

"पत्त्यात मेली मी, बाई. घर माह्या नावावर हाय, अन् सही करनारी अजून जिती हाय. मले काऊन नाई विचारलं रे, रुपेश?"

रुपेशने पुन्हा गिऱ्हाईक पाहिलं नाही. भावनाने नागपूरच्या मागच्या खोलीत शिलाई मशीन मांडली. समीक्षा सावंगीला नर्सिंग शिकते आणि सुट्टी लागली की आधी आर्वीची बस धरते. सुलोचनाबाईंनी घराला रंग दिला आणि फाटकावर पाटी लावली: 'सुलोचना थूल. घर विकणे नाही.'