गुलाबाचं पांघरूण

कपाटाचं दार करकरलं, तशी पाच वर्षांची झ्लाता खेळ टाकून आईच्या मागे धावली. स्तेफा नवऱ्याचा जाड लोकरी कोट घेऊन अंगणात निघाली होती. लेक जन्मली त्या साली त्याने लावलेला गुलाब आता गोठायला आला होता. दर हिवाळ्यात तो बुंध्याशी माती चढवायचा आणि वर पाइनच्या फांद्या रचायचा. पण जंगलात सुरुंग पेरल्यापासून फांद्या आणायला कुणी जात नव्हतं.

कुंपणापलीकडून पारास्का आजी ओरडली, "अगं बाई, एवढा चांगला कोट? पोती नाहीत का घरात?"

"पोती फुटक्या खिडक्यांना लावलीत, आजी."

"मग मरू दे की तो गुलाब! दुसरा लाव."

"दुसरा नको मला."

आजी कुंपणापासून मागे सरली. दोन हिवाळे युद्धाच्या आघाडीवरून स्तेफाच्या नवऱ्याची काहीच खबर नव्हती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

स्तेफाने गुलाबावर कोट पांघरला, वरपर्यंत बटणं लावली आणि बाह्यांची बुंध्याभोवती गाठ मारली.

झ्लाता बघत होती. तिने हळूच विचारलं, "आई, बाबा थंडीतच आले, तर काय घालतील गं?"